नाशिकमध्ये बास्केटबॉल कोच व्हायचंय? सुरुवात कुठून करायची

नाशिकमध्ये बास्केटबॉल शिकवून घर चालतं का, हा प्रश्न नव्या पोरांपेक्षा त्यांचे आई-वडील जास्त विचारतात. चालतं. पण ते शाळांच्या आणि संध्याकाळच्या बॅचच्या जोरावर चालतं, टीव्हीवरच्या लीगच्या जोरावर नाही. आपल्याकडे लीगचे प्रयोग झाले. यूबीए 2015 ला सुरू झाली आणि 2017 नंतर थांबली, मग 2022 ला आयएनबीएल आली. तिथे काम मिळालं तर आनंदच आहे, पण मोसम छोटा आणि बाकावरच्या खुर्च्या मोजक्या. देशातले ताकदीचे संघ आजही रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक अशा नोकरी देणाऱ्या संस्थांचे आहेत आणि तिथे कोच नेमताना आधी घरच्याच जुन्या खेळाडूंकडे बघितलं जातं. तेव्हा गंगापूर रोडला किंवा सिडकोत राहून हे काम करायचं ठरवलं असेल, तर तुमचं गिऱ्हाईक म्हणजे शाळा आणि तुमचा खेळाडू म्हणजे सहावी-सातवीतला मुलगा किंवा मुलगी. हे पटत असेल तर पुढे वाचा.

नाशिकचं नाव खेळात निघतं ते सावरपाड्याच्या कविता राऊतमुळे, चांदवडकडच्या दत्तू भोकनळमुळे. धावायला रस्ता लागतो, नाव वल्हवायला पाणी. बास्केटबॉलला 28 बाय 15 मीटरचं कोर्ट लागतं, आणि ते तुमच्या मालकीचं नसतं. ते शाळेचं असतं, कॉलेजचं असतं, क्रीडा संकुलाचं नाहीतर सोसायटीचं असतं. या धंद्यातली निम्मी कसरत दुसऱ्याच्या कोर्टावर एक तास मिळवण्याची आणि मिळालेला तास टिकवण्याची आहे. पुढे जे लिहिलंय ते सगळं फिरून त्या तासापाशीच येतं.

पायरी 1 : स्कोअर टेबलवर बसा

शिटी विकत घेण्याआधी हे करा. शहरात कुठलीही स्पर्धा असली की आयोजकांना टेबलवर बसायला माणसं कमी पडतात. जाऊन सांगा, मी स्कोअरशीट लिहितो. पहिल्या दिवशी घड्याळावर बसवतील, हरकत नाही.

स्कोअरशीट दिसायला किचकट आहे, पण दोन सामन्यांत हात बसतो. साध्या बास्केटला चालू गुणांवर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. हे लिहिता लिहिता खेळ वेगळा दिसायला लागतो. कुठल्या मुलाच्या पहिल्या दहा मिनिटांत तीन फाउल झाल्या, कुठल्या संघाच्या क्वार्टरमधल्या चार टीम फाउल भरल्या आणि आता पाचवीला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळणार, बाण कुणाच्या दिशेने आहे, म्हणजे पुढच्या जंप बॉलला बॉल कुणाचा, हे सगळं तिथे बसून अंगवळणी पडतं. पहिल्या हाफमध्ये दोन टाइम आउट, दुसऱ्या हाफमध्ये तीन, आणि त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. बरीच वर्षं कोचिंग करणारी माणसंसुद्धा हा शेवटचा नियम ऐन वेळी विसरतात आणि टेबलशी वाद घालत बसतात.

त्यानंतर लहान गटाच्या चार-दोन सामन्यांना रेफरी म्हणून उभे राहा. शिव्या खायची तयारी ठेवा. पण त्यामुळे फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम पाठ होतात. उदाहरणार्थ, 2017 पासून धावताना बॉल पकडला तर तेव्हा जमिनीवर असलेला पाय मोजत नाहीत, त्यानंतरची दोन पावलं मोजतात. नाशिकच्या कोर्टांच्या कडेला उभे राहून आजही लोक अशा प्रत्येक चालीला "ट्रॅव्हलिंग, ट्रॅव्हलिंग", म्हणजे बॉल घेऊन जास्त पावलं टाकली, असं ओरडतात. तुम्ही त्या लोकांत नसायला हवं. आणि हेही लक्षात ठेवा, स्वतःच्या वागण्यामुळे दोन टेक्निकल फाउल मिळालेल्या कोचला मैदानाबाहेर काढतात.

राज्य पातळीवर खेळलेलं असलं तर चांगलंच. नसलं तर अडत नाही, फक्त जे काही खेळला आहात त्याची प्रमाणपत्रं शोधून एका फाइलीत लावा. आंतरमहाविद्यालयीन असेल, जिल्हा असेल, काहीही. पुढे लागणार आहेत.

पायरी 2 : कुणाच्या तरी हाताखाली उभे राहा

एक आठवडा संध्याकाळी गाडी काढा. पंचवटीतलं विभागीय क्रीडा संकुल, कॉलेज रोडची कॉलेजं, देवळाली कॅम्प आणि नाशिक रोडच्या जुन्या शाळा, इंदिरानगरच्या नव्या शाळा. बॉल आपटल्याचा आवाज जिथून येईल तिथे थांबा आणि बाहेरून बघा. कोच कोण आहे, मुलं किती आहेत, ती हसतायत का, पालक गेटबाहेर उभे राहून काय बोलतायत. मग त्यातल्या ज्याचं काम आवडलं त्याच्याकडे जाऊन म्हणा, "सर, मला शिकायचंय. मी बॉल उचलतो, लहान मुलं सांभाळतो. पैशाचं आत्ता काही नाही." बहुतेक जण हो म्हणतात, कारण चाळीस मुलांच्या बॅचला दुसरा हात सगळ्यांनाच हवा असतो.

पैशाचं काही नाही हे वाक्य मात्र कायमचं नाही. एक मोसम फुकट काम केलंत, ठीक. त्यानंतर लहान गट पूर्ण तुम्ही घेत असाल तर मानधन मागा, आणि सरळ मागा. इथे लाजून वर्षानुवर्षं फुकट राबणारी चांगली पोरं मी पाहिली आहेत. शेवटी ती कंटाळून अंबडला कंपनीत लागतात आणि खेळ सुटतो.

सहायक म्हणून करायच्या गोष्टी छोट्या आहेत. सगळ्यांच्या आधी दहा मिनिटं येऊन बॉल तपासायचे. खांद्याच्या उंचीवरून सोडलेला बॉल कमरेपर्यंत उसळला पाहिजे. नाही उसळला तर पंप, आणि पंपाची पिन ओली करूनच घालायची, नाहीतर व्हॉल्व्ह जातो. कोर्टावरचे खडे, काच बघायची. हजेरी घ्यायची, मुलांची नावं आठवड्यात पाठ करायची. आणि एका वहीत रोज एवढंच लिहायचं : आज कोणता ड्रिल घेतला, त्यात एका मुलाच्या हातात बॉल किती वेळा आला. दुसरा आकडा मोजायला लागलात की कोचिंगकडे बघण्याची नजर बदलते.

पायरी 3 : एक तास चालवायला शिका

इथे मी रेंगाळणार आहे, कारण प्रमाणपत्रं असूनही हे न येणारे कोच खूप आहेत आणि शाळा तुम्हाला ठेवते किंवा काढते ती याच गोष्टीवर.

समजा तुमच्यासमोर 24 मुलं आहेत, 6 बॉल, दोन रिंग आणि 75 मिनिटं. सर्वसाधारण पद्धत अशी की दोन्ही रिंगांना बारा-बाराची रांग लावायची, रांगेला एक बॉल, आणि लेअप, म्हणजे पळत येऊन रिंगजवळून टाकायचा शॉट, चालू. एकेकाला दहा सेकंद धरले तर मुलाचा नंबर दोन मिनिटांनी येतो. पंधरा मिनिटांत त्याचे सात-आठ लेअप होतात आणि बाकीचा वेळ तो पुढच्याच्या बॅगेला लाथा मारतो. मग कोच ओरडतो, "शिस्त नाही तुम्हाला!" शिस्तीचा संबंधच नाही. रांग लांब आहे.

त्याऐवजी चार-चारचे सहा गट करा, गटाला एक बॉल. दोन गट दोन रिंगांवर. उरलेले चार गट मधल्या जागेत : एक पासिंगला, एक पिव्हटला (एक पाय रोवून वळणं), एक ड्रिबल करणाऱ्याचा बॉल ढकलायच्या खेळाला, एक बचावाच्या सरकत्या पावलांना. दर चार मिनिटांनी शिटी आणि गट पुढे सरकतो. चोवीस मिनिटांत सगळ्यांचं सगळं होतं आणि कुणी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त उभं राहत नाही. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, तिसऱ्या दिवशी मुलं स्वतःच जागा बदलतील.

आता लेअप. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाने शेवटची उडी डाव्या पायावर घ्यायची असते. हे तोंडाने सांगून कळत नाही, कारण मूल पळत येतं, बॉल आपटतं, पायांचा विचार करतं आणि वर बघतं, चारही एकदम. म्हणून उलट्या बाजूने शिकवा. मुलाला रिंगपासून एका पावलावर, थोडं उजव्या बाजूला उभं करा. डावा पाय पुढे. बॉल आपटायचा नाही. उजवा गुडघा वर, उजवा हात वर, आणि बॉल बोर्डवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात. बस. हे दहा वेळा. मग एक पाऊल मागे घ्या : उजवा, डावा, उडी. सिमेंटच्या कोर्टावर खडूने दोन पावलं काढा, एक लाल एक पांढरं, आणि त्यावरच पाय पडले पाहिजेत असं सांगा. मुलांना हा खेळ वाटतो. ते जमलं की एक ड्रिबल, आणि सगळ्यात शेवटी पळत येणं. जी मुलं महिनाभर चुकीच्या पायावर उडी घेत होती ती अशी दोन-तीन सत्रांत सुटतात.

रिंग 3.05 मीटरवर असते. दहा वर्षांच्या मुलाला ती आभाळात वाटते. मिनी बास्केटबॉलला रिंग 2.60 मीटरवर धरतात, पण आपल्या बहुतेक शाळांत खाली-वर होणारी रिंग नसते. तेव्हा लहानांना रिंगपेक्षा चौकोन हे लक्ष्य द्या. चौकोनाला बॉल लागला की गुण. आणि बॉल 5 नंबरचा द्या. मुली आणि महिलांना 6, मोठ्या मुलांना आणि पुरुषांना 7. पाचवीतल्या पोराला 7 नंबरचा बॉल दिला की तो पोटापासून दोन्ही हातांनी ढकलतो आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. शाळेकडे एकच प्रकारचे बॉल असतील तर मुख्याध्यापकांकडे पहिली मागणी 5 नंबरच्या सहा बॉलची करा. बाहेरच्या सिमेंटवर रबरी बॉल घ्या, महागडा लेदरचा बॉल दोन महिन्यांत सोलतो.

शेवटची पंचवीस-तीस मिनिटं खेळ हवाच, पण पाचावर पाच नको. त्यात दोन दांडगी मुलं खेळतात आणि बाकीची पळतात. प्रत्येक रिंगवर तिघांचे चार संघ. बास्केट झाली की हरलेला संघ बाहेर, कडेचा आत. शेवटी फ्री थ्रो, सगळे थकलेले असताना, दोन-दोन प्रत्येकी, आणि गटाचे गुण जोरात मोजायचे.

चौदा वर्षांखालच्या मुलांना झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायचा बचाव, शिकवू नका, असं माझं ठाम मत आहे. दोन-तीनचा झोन लावून जिल्हा जिंकता येतो, कारण त्या वयात लांबून कुणाचा शॉट लागत नाही. पण तोच मुलगा सतरा वर्षांखालच्या गटात येतो तेव्हा त्याला आपला माणूस धरता येत नाही, बॉल कुठे आणि माणूस कुठे हे एकाच वेळी बघता येत नाही. तोवर त्याला सोडून तुम्ही पुढच्या बॅचकडे वळलेले असता, आणि निस्तरतो दुसरा कोच.

पायरी 4 : कागद

कुठला कोर्स आधी करायचा, हे तुम्हाला नोकरी कुठे हवी त्यावर ठरतं.

शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून कायम व्हायचं असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. लागतं. नुसता बास्केटबॉल शिकवणारा माणूस शाळेच्या दृष्टीने बाहेरचा असतो. बी.पी.एड. असलेला पी.टी. घेतो, स्नेहसंमेलनाची कवायत बसवतो, शालेय स्पर्धांचे अर्ज भरतो. पगारपत्रकावर नाव त्याचं येतं.

कोच म्हणून ओळख हवी असेल तर पटियाळ्याची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था. 1961 पासूनची ही संस्था, आपल्याकडे सगळे नुसतं "एनआयएस" म्हणतात. तिचे दोन रस्ते आहेत. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स. आणि वर्षभराचा डिप्लोमा, ज्यासाठी पदवी, खेळातली कामगिरी आणि प्रवेश चाचणी लागते आणि तिथे राहून शिकावं लागतं. डिप्लोमाला शरीरशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, बायोमेकॅनिक्स, प्रशिक्षणाचं नियोजन असं सगळं येतं. बास्केटबॉलचं केंद्र आणि जागा त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. सरकारी कोचच्या जाहिरातींत डिप्लोमा विचारतात, सहा आठवड्यांवर भागत नाही.

तिसरा रस्ता फिबाचा. त्यांच्या कोच संघटनेच्या लेव्हल 1, 2, 3 अशा पायऱ्या आहेत आणि भारतात ते कोर्स बास्केटबॉल फेडरेशनमार्फत होतात. जिल्हा आणि राज्य संघटनेच्या लोकांशी ओळख ठेवलीत तर तारखा वेळेवर कळतात, नाहीतर फोटो आल्यावर कळतं की कोर्स होऊन गेला. मुंबई-पुण्यात दोन दिवसांचं क्लिनिक असलं तरी जा. मुंबईला तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

माझा सल्ला विचाराल तर : आधी वर्षभर कोर्टावर हाताखाली काम, मग सहा आठवडे. कोर्टावर उभं न राहता डिप्लोमा करून आलेल्याला "लोड प्रोग्रेशन" (सरावाचा भार टप्प्याटप्प्याने वाढवणं) येतं आणि रडणाऱ्या चौथीतल्या मुलाचं काय करायचं ते येत नाही.

पायरी 5 : शाळेशी बोलणी

मुख्याध्यापकांना भेटायला जाल तेव्हा पदकांचं बोलू नका. त्यांना तीन गोष्टींची काळजी असते : मुलाला लागलं तर कोण जबाबदार, परीक्षेच्या काळात मुलं कोर्टावर तर नसतील, आणि पालकांच्या तक्रारी. त्या तिन्हींवर तुमचं उत्तर तयार ठेवा, मग कोर्ट मिळतं.

आणि तुम्हीही काही विचारून घ्या, शक्य तर लेखी. मे महिन्याचे आणि दिवाळीच्या सुट्टीचे पैसे आहेत का. स्पर्धेला मुलं नेली तर प्रवासखर्च कुणाचा आणि तुमच्या भत्त्याचं काय. फी शाळा गोळा करणार की तुम्ही. शाळा गोळा करणार असेल तर तुमचा वाटा किती टक्के आणि कितव्या तारखेला. स्नेहसंमेलनाचा मांडव कोर्टावर पडला तर ते दिवस कुठे भरायचे.

हिशोब कागदावर मांडा. समजा संध्याकाळच्या बॅचला 25 मुलं आणि महिन्याला 1000 रुपये फी. 25,000 दिसतात. त्यातून कोर्टाचं भाडं किंवा शाळेचा वाटा, सहायकाचं मानधन, बॉल-जाळी-कोन, पेट्रोल वजा करा, आणि बारा महिन्यांऐवजी नऊ धरा, कारण परीक्षा, सुट्ट्या आणि पाऊस तीन महिने खातात. उरलेली रक्कम बघून ठरवा की दोन शाळा लागतील की तीन. नाशिकमध्ये बहुतेकांना सकाळी एक, संध्याकाळी एक आणि रविवारी एखादी खासगी बॅच अशी मोट बांधावी लागते.

पावसाचं वेगळं सांगतो. जून ते सप्टेंबर इथली उघडी कोर्टं शेवाळतात. वायपरने पाणी काढून खेळवायचा मोह होतो, पण ओल्या सिमेंटवर वळताना गुडघा गेला तर मुलाचं वर्ष गेलं. शाळेचा हॉल, व्हरांडा, जिन्याखालची जागा आधीच मागून ठेवा. जागेवरचं ड्रिबलिंग, पिव्हट, भिंतीवर पासिंग, उडी मारून दोन्ही पायांवर नीट उतरणं, नियमांचा तास, सामन्यांचे व्हिडिओ : चार महिने पुरेल एवढं काम घरात आहे. "पाऊस आहे, सुट्टी" असा मेसेज टाकणाऱ्या कोचची बॅच गणपतीपर्यंत निम्मी होते. आणि सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीत गाडी जात नाही, तिकडे बॅच असेल तर त्या वर्षीचं वेळापत्रक आधीच पालकांना कळवा.

पायरी 6 : स्पर्धा

शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखाली अशा तीन गटांत होतात. आधी जिल्हा किंवा महापालिका क्षेत्र, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. गंमत अशी की सुरुवातीचे सामने ऐन पावसाळ्यात येतात, जेव्हा तुमचं कोर्ट ओलं असतं. म्हणून तयारी एप्रिल ते जूनमध्येच करावी लागते.

कागदपत्रं ऑनलाइन भरतात आणि त्यात संघ बाद होतात. जन्मदाखला, बोनाफाईड, आधार, फोटो याची एका मुलामागे एक प्लास्टिकची पिशवी करा आणि शाळा सुरू झाल्या झाल्या गोळा करा. जन्मतारखेत खेळ करू नका. मोठ्या मुलाला लहान गटात खेळवून एक चषक मिळतो आणि पकडलं की शाळेचं नाव, मुलाचं नाव आणि तुमचं कोर्ट तिन्ही जातं.

पालकांना प्रमाणपत्राचं महत्त्व कळतं, कारण दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कुठल्या पातळीच्या स्पर्धेला काय मिळतं ते जिल्हा क्रीडा कार्यालयातून दर वर्षी विचारून घ्या. नियम बदलतात, आणि गेल्या वर्षीच्या माहितीवर पालकांना शब्द देऊन बसलात तर ते तुम्हालाच धरतात.

सामन्यात नव्या कोचचं सगळ्यात जास्त काय चुकतं, तर टाइम आउट. एक मिनिट असतं. मुलं बाकापर्यंत येईस्तोवर, पाणी घेईस्तोवर पंधरा सेकंद गेलेले असतात. उरलेल्यात कोच सात गोष्टी सांगतो आणि मुलं मान हलवतात. मुलांना बसवा, तुम्ही गुडघ्यावर बसा म्हणजे डोळे समोरासमोर येतात, आणि दोनच वाक्यं बोला. "त्यांची 9 नंबरची उजव्या हातानेच जाते. सई, तिच्या उजव्या बाजूला उभी राहा. बॉल आपला झाला की पहिला पास ऋतूला, बाकीच्या पळा." मग एका मुलीला विचारा, काय करायचंय? तिने बरोबर सांगितलं तर झालं. रेफरीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तुम्ही रेफरीवर बोट ठेवलंत की पुढची दहा मिनिटं मुलं प्रत्येक शॉट चुकल्यावर त्याच्याकडे बघतात.

आणि बारा मुलं नेली असतील तर बाराही खेळली पाहिजेत, निदान जिल्ह्याच्या पहिल्या फेरीत. वीस गुणांनी पुढे असताना पहिल्या पाच जणांना कोर्टावर ठेवणारा कोच नक्की कुणाला घाबरतो, हे मला कधी कळलेलं नाही.

पायरी 7 : मुलांची सुरक्षितता आणि पालक

हा भाग कोर्समध्ये एका तासात उरकतात, पण तुमचं करिअर एका दिवसात संपू शकतं ते इथेच. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा वाचा. मुलावर अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं तुम्हाला कळलं तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, "शाळेचं नाव खराब होईल" हे कारण चालत नाही. रोजच्या वागण्यात : एकट्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत भेटायचं नाही, हात धरून शॉट सुधारण्याआधी स्वतः करून दाखवायचं, सूचना पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या, मुलांना खासगी मेसेज नाहीत. मुलींचा संघ बाहेरगावी जाणार असेल तर सोबत शिक्षिका हव्यातच, नसतील तर संघ जाणार नाही, इतकं स्पष्ट ठेवा. चारित्र्य पडताळणीचा दाखला पोलिसांकडून स्वतःहून काढून शाळेला द्या. मागण्याआधी दिलात तर विश्वास बसतो.

पेटीत बर्फाची सोय, क्रेप बँडेज, कात्री, ग्लुकोज. घोटा मुरगळला की बर्फ, बँडेज, पाय उंच. चोळायचं नाही, कितीही मामा-काका सांगोत. सीपीआर शिकून घ्या. कुठल्या मुलाला दमा आहे, कुणाला फिट येते, हे प्रवेश अर्जातच विचारा.

कॉलेजची मुलं जिमवाल्याने दिलेली पावडर घेऊन येतात. त्यांना सांगा की नाडा, म्हणजे देशातली उत्तेजकविरोधी संस्था, कुठल्याही राष्ट्रीय स्पर्धेत चाचणी करू शकते आणि डब्यात काय होतं हे माहीत नव्हतं ही सबब तिथे चालत नाही.

पालक दोन प्रकारचे भेटतील. पहिले म्हणतात, दहावीला खेळ बंद. त्यांच्याशी भांडू नका. आठवड्यातले दोन दिवस मागा, बहुतेक देतात. दुसरे विचारतात, आमचा मुलगा एनबीएला जाईल का. त्यांना सतनाम सिंगबद्दल सांगा : पंजाबातल्या एका खेड्यातला मुलगा, लुधियानाच्या अकादमीत घडला, चौदाव्या-पंधराव्या वर्षी अमेरिकेला गेला आणि 2015 ला डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 52 व्या क्रमांकावर घेतलं. उंची सात फूट दोन इंच. एनबीएच्या सामन्यात मात्र तो खेळला नाही. एवढं सांगितलं की पालक उद्याच्या सरावाची वेळ विचारतात.

पायरी 8 : पुढे कुठे

पाच-सात वर्षं शाळा सांभाळल्यावर रस्ते फुटतात. जिल्हा संघाचा कोच किंवा मॅनेजर, कॉलेजचा आणि मग विद्यापीठाचा संघ, खेलो इंडियाची केंद्रं, राज्याच्या शिबिरात सहायक. पुणे-मुंबईच्या मोठ्या अकादम्या नाशिकपेक्षा जास्त पैसे देतात, पण तिथे तुम्ही चार कोचांतले एक असता. ज्यांना बाकापेक्षा लॅपटॉप आवडतो त्यांनी व्हिडिओ विश्लेषण शिकावं, ज्यांना शरीराचं काम आवडतं त्यांनी फिटनेसकडे वळावं. नाशिकला धावपटूंची परंपरा असल्यामुळे दुसरं शिकायला इथे चांगली माणसं भेटतात, त्यांच्या सरावाला पहाटे जाऊन उभे राहा.

यातल्या प्रत्येक ठिकाणी, आणि पुढे कधी शिवछत्रपती पुरस्काराचा मार्गदर्शकाचा अर्ज भरायची वेळ आली तर तिथेही, तुम्ही घडवलेल्या खेळाडूंचे पुरावे मागतात. तेव्हा पहिल्या जिल्हा सामन्यापासून एक फाइल ठेवा : संघाची यादी, निकालपत्रक, तुमचं नेमणूकपत्र, मुलांच्या प्रमाणपत्रांच्या प्रती, वर्षानुसार. निकालपत्रकाची झेरॉक्स त्याच दिवशी आयोजकांकडून सही-शिक्क्यानिशी घ्या. दोन महिन्यांनी मागायला गेलात तर शिक्का एकाकडे असतो आणि कागद दुसऱ्याकडे.